पाण्यातला देव

यांना ऑपरेशनला नेलं, त्या सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवला. मुलगा बरा होऊन घरी आला की मगच देवाला बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

हे ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. तेरावं उरकल्यावर सासूबाई पातेल्यापाशी बसल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या त्याला तिथंच, आई. वाचवता येत असून वाचवलं नाही त्यानं.”

“येत नसेल गं त्याला.”

“मग देव कसला तो?”

“दुबळा असेल तर सांभाळीन मी,” त्या म्हणाल्या. “दुष्टाला घरात कसा ठेवू?”

त्यांनी बाळकृष्ण बाहेर काढला, पदरानं कानामागपर्यंत टिपला.

“धर जरा. गारठलाय.”

माझा राग गेला नव्हता. तरी मी ओंजळ पुढं केली.