बटण नसलेला कॅमेरा

"आधी खालचं बटण बंद करा," दीक्षा म्हणाली.

"याला बटण नसतं, मॅडम. तुम्हीच तसा मागितला होता," कॅमेरा काढायला स्टुलावर चढलेला योगेश म्हणाला.

मागितला होता खरा. तिच्या वडिलांना, दशरथरावांना, घरातली बटणं बंद करत हिंडायची सवय होती. खडकवासल्याला पंपांवर छत्तीस वर्षं वायरमनची नोकरी केलेला माणूस; खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा, टीव्ही, सगळं मालवून निघायचा. पहिला कॅमेरा त्यांनी असाच रोज मालवला. दीक्षा राहायची वाकडला. नारायण पेठेपासून पंधरा किलोमीटर, म्हणजे पुण्याच्या रहदारीत परदेशच. आई गेल्यावर एकट्या राहणाऱ्या बापाची काळजी तिने आधुनिक पद्धतीने घ्यायची ठरवली होती, आणि त्या काळजीला वीजच मिळत नव्हती.

मग योगेशने हा दुसरा बसवला. इंटरनेटची जी केबल चित्र पाठवते, तिच्यातूनच याला वीज मिळते. वीज देणारी पेटी माळ्यावर ठेवली, बापाचा हात पोचू नये म्हणून.

"छान," दशरथराव म्हणाले होते. "छत्तीस वर्षं मी विजेवर लक्ष ठेवलं. आता तिने माझ्यावर ठेवावं, हे रीतीला धरूनच झालं."

त्यानंतर ते फोनवर तोलून मापून बोलू लागले. जेवलात का? बघतेसच की. झोप लागली का? बघतेसच की. पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात नेताना तिने विचारलं, "बाबा, रागावलात माझ्यावर?" त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. उत्तर टाळायला याहून सोयीचं साधन नाही. ते तसेच गेले. रागावलेच होते, असा निकाल दीक्षाने स्वतःच देऊन टाकला होता.

मोबाइलवर मात्र ती खोली अजून दिसायची. रिकाम्या खुर्चीवर पाळत ठेवण्याइतकी ती तरबेज झाली नव्हती. म्हणून आज रजा टाकून योगेशला बोलावलं होतं.

"पण सकाळपासून वीजच नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे बंदच असेल ना तो?"

"गुरुवार आहे, मॅडम. दुरुस्तीसाठी बंद असते. येईल पाचपर्यंत." योगेशने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "हा चालू आहे."

खरंच, कॅमेऱ्याच्या कडेला हिरवा ठिपका जळत होता. योगेश टॉर्च घेऊन माळ्यावर चढला. एकेक वायर हाताने चाचपत मागे शोधत गेला.

"घरात इन्व्हर्टर होता ना? त्याच्यावर पंखा, ट्यूब, टीव्ही?"

"होतं की सगळं."

"आता नाहीये. सगळं त्याच्यावरून काढून थेट मेन लाइनवर टाकलंय. इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि कॅमेऱ्याची पेटी."

"तुम्ही केलंत?"

"इतकं नीट काम मी नाही करत," योगेश म्हणाला. "काकांचं दिसतंय. बॅटरी पार म्हातारी झालीय. पंख्यासकट चालवली तर दोन तासांत मान टाकेल. नुसता कॅमेरा ठेवला, तर अख्खा गुरुवार निघतो."

दीक्षा खुर्चीत बसली. तिच्या ऑफिसात गुरुवार नसतो. तिथे जनरेटर असतो. गेल्या मे महिन्यात, अशाच एका गुरुवारी, गारेगार मीटिंगमधून तिने मोबाइलवर डोकावून पाहिलं होतं. बाबा बनियनवर बसले होते, घामाने निथळत, वर्तमानपत्राने वारा घेत. तिने बाहेर येऊन तिथल्या तिथे फोन लावला आणि त्यांना झापलं. "बाबा, काटकसरीलाही काही सुमार असतो. आधी तो पंखा लावा."

दशरथरावांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं.

"लावतो," ते म्हणाले होते. "तुला दिसतंय ना नीट?"