समुद्राकडचं दार

अनुदानाच्या पत्राला टॉर्किलने उत्तर दिलं नव्हतं, आणि आता ते पत्र पाठवणारी मुलगीच त्याच्या स्वयंपाकघरात उभी होती. तिच्या हातात वारा कुठून शिरतो ते दाखवणारी धुराची कांडी होती. कांडीचा धूर खिडकीपाशी जरासा डुलला, शेगडीपाशी सरळ वर गेला, आणि समुद्राकडच्या दारापाशी पोचताच आडवा होऊन खोलीभर पांगला.

"टॉर्किलकाका, हे घर आहे की चाळण?" कर्स्टी म्हणाली. ती खालच्या गावातल्या टपालवाल्याची नात. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर अशा मुलीला परकी म्हणता येत नाही, म्हणून तिला दारातूनच परतवून लावणं टॉर्किलला जमलं नव्हतं.

"भिंतीत लोकर भरणार म्हणे तुम्ही," तो म्हणाला. "जन्मभर आम्ही लोकर मातीमोल विकली. आता सरकार ती आणून भिंतीत कोंबणार!"

"मेंढीची नाही हो, दगडापासून केलेली. पण ऊब धरते. भिंती, माळा, खिडक्या, सगळं अनुदानातून. तुमच्या खिशातून पेनीसुद्धा जायची नाही." मग ती जरा थांबली. "फक्त हे समुद्राकडचं दार जाणार. इथे भिंत येईल. त्याशिवाय मंजुरी नाही."

शेगडीजवळ बसलेली एफी खोकू लागली. एफी त्याची बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघांनीही हे घर सोडलं नाही. यंदा गवत कापायच्या दिवसांत डॉक्टर येऊन गेला होता आणि त्याने आडपडदा ठेवला नव्हता. हिवाळ्याआधी घर ऊबदार करा, नाहीतर बाईंना शहरातल्या वृद्धाश्रमात पाठवा. या गारठ्यात त्यांची छाती तग धरणार नाही.

"शुक्रवारी यादी बंद होते, काका."

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. माझे आजोबाही असंच म्हणतात." कर्स्टीने चहा संपवला, एफीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघाली.

त्या दाराने त्यांचा धाकटा भाऊ आयवर शेवटचा बाहेर पडला होता. जाळी उचलायला गेला. दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली, आयवर लागला नाही. आईने त्या दिवसापासून रात्री दार लावू दिलं नाही. समुद्राकडून येणारा समुद्राकडच्या दारानेच येणार, असं तिचं म्हणणं. मरताना तिने टॉर्किलचं मनगट धरलं. "तो आत येईपर्यंत लावू नकोस," ती म्हणाली. तो हो म्हणाला.

तेव्हापासून रोज झोपण्यापूर्वी तो कडी काढायचा, दार वीतभर उघडायचा आणि किनाऱ्यावरचा एक गोल दगड त्याला टेकवून ठेवायचा. मग माडीवर जाऊन पडायचा. खालच्या खोलीतून एफीचा खोकला यायचा. तो पांघरूण कानावर ओढून घ्यायचा.

आणि रोज सकाळी दार लावलेलं असायचं. कडी घातलेली, दगड भिंतीशी नीट सरकवून ठेवलेला.

त्याने एफीला कधी विचारलं नाही. सोसत नसेल बिचारीला, धडपडत का होईना, उठून लावत असेल. तेवढी ऊब तिने चोरली तर चोरू दे. आईला शब्द त्याने दिला होता, एफीने नव्हता.

कर्स्टीची गाडी वळणाआड गेली. एफीने शेगडीत पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची, वाळकी वीट टाकली.

"हो म्हणून टाक ना रे."

"आईला शब्द दिलाय."

"मोठा आला शब्दवाला! रोज रात्री उठून तूच लावतोस ना ते दार? मग दिवसाढवळ्या लावायला काय धाड भरली?"

टॉर्किलने कप खाली ठेवला. "मी?"

"मग कोण? मला खोकल्याची उबळ आली की दगड सरकतो, कडी पडते. पडल्या पडल्या ऐकते मी. तू ओशाळशील म्हणून बोलले नाही इतकंच."

"एफी, रात्री मी खाली येत नाही. कधीच आलेलो नाही. मला वाटायचं, तूच..."

"मी? मला अंथरुणातून उठायला सकाळी हात द्यावा लागतो तुला!"

दोघंही दाराकडे बघू लागली. इथला वारा कसा असतो ते दोघांना पाठ होतं. तो समुद्रावरून येतो आणि दार आत लोटतो. त्याने ते उघडतं, मिटत नाही. आणि कडी तर आतल्या बाजूला. लावणारा आत आल्याशिवाय ती पडायची नाही.

शेगडीतली वीट खसकन खचली तेव्हा दोघंही दचकली.

"आयवरनं जन्मात कधी दार लावलं होतं का रे?" एफी अगदी हळू म्हणाली. "आई ओरडून ओरडून दमायची. मेल्या, दार लाव, ऊब चालली सगळी."

"शिकला असेल," टॉर्किल म्हणाला.

एफीला हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही, आणि तिने एप्रन तोंडाला लावला.

त्याने लेखणी घेतली. कर्स्टी ठेवून गेलेल्या अर्जावर चौकटी पुष्कळ होत्या. समजल्या तेवढ्या भरल्या. शेऱ्याच्या जागेशी तो थांबला. एक ओळ लिहून खोडली, मग दुसरी लिहिली आणि पुन्हा वाचून न बघता पाकीट चिकटवलं. कोट चढवून तो वाऱ्यातून वळणावरच्या तांबड्या पेटीपर्यंत चालत गेला. पाकीट आत पडल्याचा आवाज त्याने कान देऊन ऐकला.

त्याने लिहिलं होतं : समुद्राकडचं दार बंद करायला हरकत नाही. घरातले सगळे आत आले आहेत.