इस्त्रीखालचा शर्ट

कोणी विश्वास ठेवणार नाही, मला खुशाल थापाड्या म्हणा. पण सुपरवायझरच्या बायकोने शर्टावर इस्त्री टेकवली आणि शर्टातून दार ठोकल्याचा आवाज आला.

शर्ट त्याच्याच कारखान्यात शिवलेला. शिवणाऱ्या बाया गेल्या आठवड्यात तिथल्या आगीत गेल्या. आज तोच घालून त्याला चौकशीला जायचं होतं.

इस्त्री उचलली की आवाज बंद, टेकवली की सुरू. आधी एकच हात, मग कितीतरी हात, लोखंडी दारावर.

"उंदीर असेल," सुपरवायझर म्हणाला.

"शर्टात? बटणं खाऊन जगतो वाटतं!" मेहुणी हसली. मग तिने विचारलं, "दाजी, चौकशीत काय सांगणार?"

"खरं तेच. माल चोरीला जाईल म्हणून दुसरे लोक बाहेरून कुलूप घालतात, मी नाही घालत. दार सताड उघडं होतं. बायाच घाबरून जागच्या हलल्या नाहीत."

बायकोने इस्त्री बाजूला ठेवली. तरी आवाज थांबेना. आता तो सुपरवायझरच्या अंगातल्या बनियनमधून येत होता.

मेहुणी त्याच्या छातीकडे बघत म्हणाली, "उघडं दार कोणी ठोकतं का, दाजी?"