मर्यादवेलीचं जांभळं फूल

वाडीतल्या सगळ्या मर्यादवेलींना पांढरी फुलं आली आणि वाडी रिकामी झाली. प्रयोगशाळेतून आणून किनाऱ्यावर लावलेली ती वेल. वाळूखाली समुद्राचं मीठ पोचलं, की तिचं जांभळं फूल पांढरं व्हायचं. मग घर सोडायचं, असा कायदाच होता. एकट्या द्वारकाकाकींच्या कुंपणाशी फुलं अजून जांभळी होती.

"हे कसं काय, काकी?" तपासणीला आलेली प्राची मेस्त्री चक्रावली. "तुमचं घर तर सगळ्यांत पुढे, अगदी लाटांच्या तोंडावर."

"विठ्ठलाची कृपा, दुसरं काय? उद्या एकादशीचं कीर्तन आहे अंगणात. बुवांना येऊ नका म्हणू की काय?" पण काकींच्या मनात पाल चुकचुकलीच. त्यांनी सांगून टाकलं, "मी रोज दोन कळशा विहिरीचं गोडं पाणी घालते हो तिला. त्यानं तर नसेल?"

प्राचीनं कळशीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथंच थुंकून टाकलं. "काकी, हा तर नुसता समुद्र आहे!"

"काहीतरीच तुझं! चाळीस वर्षं पितेय मी."

प्राची फुलांकडे पाहत राहिली, मग काकींकडे. "विहिरीत मीठ रोज थोडं थोडं वाढत गेलं असणार," ती हळूच म्हणाली. "वेलीला सवय झाली, तुमच्यासारखीच. घर सोडावं लागेल, काकी."

काकींनी कळशी तोंडाला लावली. एक घोट घेतला, मग आणखी एक. देवाला स्मरून सांगायचं झालं, तरी पाणी गोडच लागत होतं.