आईच्या कॅसेटी

"जोर लावू नका हं काका," भाची म्हणाली. "त्यात माझी आई आहे."

दुरुस्तीवाले काका हसले. टेप डेकचं झाकण काढून ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं, टेप ज्यावर घासत वाजते ते हेड पुसत होते. काडी काळीकुट्ट झाली.

"कधी साफ केला होता?"

"कधीच नाही. आज पहिल्यांदाच घराबाहेर पडलाय हा."

शेजारच्या स्टुलावर तिची मावशी फुरंगटून बसली होती. "नसती उठाठेव! भंगारात दे म्हटलं, तर ऐकेल तर शपथ." तिचा आवाज मुळातच फाटका. गल्लीतली मांजरंसुद्धा तिला वचकून असत.

भाचीनं काणाडोळा केला. ती तीन वर्षांची असताना आई नोकरीसाठी परदेशी गेली, आणि काही वर्षांनी तिथेच वारली. पण तोवर ती तिकडून कॅसेटी पाठवायची. मधाळ आवाजात सांगितलेल्या गोष्टी. भाचीला वाढवलं मावशीनं, पण तिचा जीव जडला त्या आवाजावर. आता तिचे दिवस भरत आले होते. बाळानं आजीचा आवाज ऐकावा एवढंच तिला हवं होतं, आणि नेमका तोच हल्ली गोधडीखालून आल्यासारखा यायचा.

काकांनी तपासणीची कॅसेट लावली आणि स्क्रू फिरवून हेड सरळ केलं. सूर खणखणीत आला. मग आईची कॅसेट लावली. आवाज आधीपेक्षाही घुसमटलेला.

भाचीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बिघडवलंत ना?"

"थांब गं पोरी." कॅसेट चालू ठेवून काकांनी स्क्रू हळूहळू उलटा फिरवला. तो मूळ जागी आला आणि आवाज एकदम मोकळा झाला. 'मग ससुल्या काय म्हणाला...'

"अस्सं होय!" काका खूश झाले. "हे हेड पहिल्यापासून तिरकं आहे. तिरक्या हेडवर भरलेली कॅसेट त्याच हेडवर साफ वाजते. मी उगाच शहाणपणा केला. या कॅसेटी याच डेकवर भरल्यात."

"काहीतरीच काय! आईनं तिकडून पाठवल्यात त्या."

काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. भाचीनं मावशीकडे पाहिलं.

मावशीनं हात लांब करून डेक बंद केला. मग भाचीच्या पोटावर हात ठेवून तिनं ससुल्या काय म्हणाला ते सांगायला सुरुवात केली, त्याच मधाळ आवाजात.