रिटर्नची कळ

"दोन्ही प्रोग्राममध्ये फरक आहे, सर," चारुशीला म्हणाली.

"दिसतोय मला," दत्तोपंत म्हणाले. "पहिल्यात नुसत्या ओळीखाली ओळी. दुसऱ्यात पडद्याचे दोन भाग, वर आपण, खाली समोरचा. साहेबांना दाखवायला दुसरा बरा. तोच बसवा."

"दिसण्याबद्दल नाही म्हणत मी. अक्षरं..."

"बाई, तुम्ही कामठीच्या शाळेत अक्षरं गिरवत होता, तेव्हा मी मुंबईत पंचकार्डं भरत होतो."

तिने टेप लावली.

संस्था विदर्भातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास करी. टेबलावर मावणारा संगणक तिथे यंदाच आला होता. तो संगणकाच्या खोलीत, आणि त्याला जोडलेला एक जादा पडदा व कीबोर्ड समोरच्या इमारतीत, संचालकांच्या टेबलावर. मधली केबल जरीपटक्याच्या बाजारातल्या ओमप्रकाशने स्वस्तात आणून खिडकीतल्या कूलरच्या लोखंडी घोडीवरून ओढून दिली होती. आतला फोन महिन्यातून चार दिवस चालायचा, तेव्हा संचालकांनीच फर्मावलं होतं की यंत्रावरून बोलायची सोय करा.

टेप एका कॉलेजातून आली होती. तिच्यात गप्पांचे दोन प्रोग्राम होते, तेही उघडे. कुणीही आत डोकावावं, हवं ते बदलावं, पुढच्याला फुकट द्यावं. चारुशीलाला याचं फार कौतुक. ती दोन दिवस ते वाचत बसली होती. दत्तोपंतांनी त्यातली ओळही वाचली नाही. फुकट वाटतात त्यात वाचण्यासारखं काय असणार?

प्रोग्राम चालू झाला. चारुशीला समोरच्या इमारतीतून काहीतरी टाइप करून परत आली.

"आलं का, सर?"

"आलं. एकेक अक्षर लंगडत. तुमची केबल जरीपटक्याची आहे ते समजलं."

"केबल ठीक आहे. सर, एकदा तुम्ही तिकडे बसून बघा ना. मी इकडून टाइप करते."

"साहेबांच्या खुर्चीत? बसेन की. बसेन तेव्हा कायमचाच बसेन."

ती हसली नाही. विनोद कळायलाही घराणं लागतं, असं दत्तोपंतांचं मत होतं. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात होते.

संचालक रुपराव मात्र कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. भूगर्भशास्त्रातली डॉक्टरेट घेऊनही त्यांचं 'मले, तुले' सुटलं नव्हतं, आणि अजून दर रविवारी ते शेतावर जात. अशा माणसाच्या हातात दत्तोपंतांचं पुढचं आयुष्य होतं. एप्रिलपासून संगणकाचा स्वतंत्र विभाग होणार होता. प्रमुखाच्या जागेसाठी दोन नावं होती, दत्तोपंत आणि चारुशीला. त्यातलं एक आज संध्याकाळच्या टपालाने दिल्लीला जाणार होतं.

दत्तोपंतांची एक जुनी सवय होती. कुणालाही उत्तर लिहायचं तर आधी मनातलं लिहायचं, मग तो कागद फाडून सभ्य मजकूर. पोटातलं एकदा बाहेर पडलं की हात सरळ चालतो. यंत्राने कागदाचाही खर्च वाचवला होता. ओळ पुढे पाठवणारी रिटर्नची कळ दाबेपर्यंत यंत्र बहिरं असतं, हे त्यांनी मुंबईपासून शिकाऊ पोरांच्या कितीतरी तुकड्यांकडून घोकून घेतलं होतं.

तीन वाजता चारुशीला जेवणाचा डबा धुवायला गेली आणि यंत्राने घंटी दिली. खालच्या भागात इंग्रजी अक्षरांतलं मराठी रांगत येऊ लागलं. म्हातारा एका बोटाने टाइप करत असणार. चुकलेलं दुरुस्तही करत नव्हता.

'दत्तोपंत, मशीन त बढिया बसवली. चारुशीलाबाई कामाले कशी हाय?'

दत्तोपंतांनी लिहिलं, 'तुझ्या सात पिढ्यांत नसेल इतकी हुशार. म्हणूनच ती नको.' त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी अक्षर न् अक्षर खोडलं आणि नव्याने लिहिलं, 'होतकरू आहे. मार्गदर्शन लागतं.' रिटर्न दाबली.

खाली बराच वेळ काही आलं नाही. तिकडे साहेब चष्मा शोधत असतील.

'बरं. अन् रागीट हाय का?'

'तुझ्यापुढे शेपूट हलवून मी कंटाळलो, तिने अजून एकदाही हलवलं नाही.' खोडलं. 'स्वभाव थोडा ताठ आहे. वरिष्ठांशी जमवून घेणं शिकेल हळूहळू.' रिटर्न.

'घाई नाई. आरामात लिवा.'

दत्तोपंत हसले. ज्याला बोटं चालवता येत नाहीत तो त्यांना आरामात लिहायला सांगत होता.

'आता एकच पुसतो. विहिरींचा जो प्रोग्राम दिल्लीले दाखवला, तो कोनं लिवला?'

दिल्लीत त्या प्रोग्रामवर दत्तोपंतांचं एकट्याचं नाव होतं. चारुशीलाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती तेवढी मूर्ख होती.

त्यांनी लिहिलं, 'तिनेच, पहिल्या ओळीपासून. पण औत हाकणाऱ्याला ते या जन्मी कळायचं नाही.' लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. वाक्य छान उतरलं होतं, खोडताना जिवावर आलं. मग स्वच्छ जागेवर त्यांनी लिहिलं, 'मी. बाईंनी आकडे भरायला मदत केली.' आणि रिटर्न जरा जोरातच दाबली.

चारुशीला डबा पुसत आत आली. "साहेब आहेत का लाइनवर?"

"आहेत. तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं मी."

खालच्या भागात अक्षरं पुन्हा निघाली, एकेक, न खोडता. दत्तोपंत खुर्चीत मागे रेलून वाचू लागले.

'खोडाची तकलीफ काहून घेता, दत्तोपंत? तुमी खोडेपर्यंत माहं वाचून होऊन जाते.'