सातवं बदक

हिरवा पुन्हा चुकला होता. तिनं कुंचला धुतला आणि केशराच्या आणखी दोन काड्या पाण्यात सोडल्या. जुने चित्रकार तांब्याच्या हिरव्यात केशर घालायचे, नाहीतर तो रंग हळूहळू कागद खातो.

"जेवून घे आधी," आतल्या खोलीतून बाबा म्हणाले. "रंग कुठं पळून जात नाही."

"रंग नाही हो, तुम्ही पळाल म्हणून घाई."

बाबा हसले आणि मग बराच वेळ खोकले. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात ते कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

बाबांकडे एकेकाळी संग्रहालयातल्या हस्तलिखितांच्या खोलीची किल्ली असायची. तिथल्या फारसी कवितांच्या पोथीवर त्यांचा जीव. पानापानाला निळी किनार, सोन्याच्या वेली, मध्ये कविता आणि खाली चित्र. घरी आले की अंथरुणाला खिळलेल्या आईला ते एकेका पानाचं वर्णन सांगत. मग एका सकाळी अचानक मोजणी झाली आणि एक पान कमी भरलं. पुरावा काहीच नव्हता, पण किल्ली बाबांकडे होती. सगळ्या नोकरीच्या इमानाला एका दिवसात हरताळ फासला गेला. गल्लीनं त्यांचं नाव 'पानचोर' ठेवलं, आणि आई त्याच वर्षी गेली.

मुलगी जिद्दीनं जुन्या पुस्तकांची दुरुस्ती शिकली आणि त्याच संग्रहालयात चिकटली. खरा चोर शोधण्यात तिनं वर्षं घालवली, पण हाती काही लागलं नाही. शेवटी तिनं ठरवलं, चोर सापडत नाही ना, मग पानच सापडू दे.

हे खोटं आहे, हे तिला कळत होतं. पण खोटा आळ घेऊन बाप मरणार असेल, तर तो खोट्या पानानं पुसला तरी तिची हरकत नव्हती.

जुना कोरा कागद मिळाला. कवितेच्या त्या ओळी दुसऱ्या एका प्रतीत सापडल्या. चित्राचं मात्र अवघड होतं. ओलसर हवेत पोथीतल्या समोरच्या पानावर त्याची पुसट छाया उमटली होती, तेवढाच आधार.

बाबा आधी ऐकेनात. "माझ्यासाठी असली लबाडी नको," म्हणून दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तळ्याकाठी सरूची तीन झाडं होती. मधलं वाकलेलं."

त्यानंतर ती रोज विचारायची. "आठवावं लागेल, सकाळी सांगतो," असं ते म्हणायचे, आणि सकाळी सगळं अगदी तंतोतंत सांगायचे. काल चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, आणि हे बरं आठवतं, असं ती चिडवायची. ते उशाशी असलेल्या आईच्या फोटोची काच सदऱ्याच्या बाहीनं पुसत बसायचे. त्या फोटोला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"छायेत बदकं सहाच आहेत बाबा, तुम्ही सात म्हणता."

"सकाळी सांगतो."

आणि सकाळी म्हणाले, "सातच. सातवं लव्हाळ्यात आहे, मान मागं वळवून. पांढरं आहे, म्हणून त्याची छाया नाही."

तिनं सातवं काढलं.

पोथीची पुठ्ठाबांधणी सैल झाली, तेव्हा काम तिच्याकडेच आलं. तिनं पुठ्ठा आणि अस्तर यांच्यामध्ये पान सरकवलं, वर जुन्यासारखी खळ लावली आणि ती सुकल्यावर संग्रहालयाच्या प्रमुखांना हाक मारून त्यांच्यासमोर अस्तर सोडवलं.

साहेब दोन चष्मे बाळगत, एक नाकावर, एक कपाळावर. त्यांनी दोन्ही बदलून पाहिले. पान छायेशी लावून बदकं मोजली.

"छाया सहा, आणि बदकं सात?"

साहेब भिंग घेऊन वाकले आणि छायेतल्या लव्हाळ्याच्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं.

"थांबा. रंग नाही, पण दाब आहे इथं. वळलेली मान! इतकी वर्षं हे पान बघतोय, मला कधी दिसलं नाही." ते खुर्चीत बसले. "हे अस्सलच. मूळ समोर असल्याशिवाय हे कुणाला काढताच येणार नाही."

त्याच संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. गल्लीतली दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणूस होतं. साहेबांनी बाबांचे हात हातात घेतले. "आमचं चुकलं. पान कुठं गेलंच नव्हतं. माफ करा." बाबांनी हात जोडले. डोळ्यांना धार लागली होती.

साहेब गेल्यावर ती बाबांच्या पायाशी बसली आणि पोटभर रडली. तिला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"आता बोलू दे कुणाला काय बोलायचं ते," ती म्हणाली.

"दार लाव पोरी."

तिनं दार लावलं. बाबांनी उशाशी असलेला आईचा फोटो उचलून तिच्या मांडीवर पालथा ठेवला.

"मागची फळी काढ."

खिळे सैल होते, नखानं निघाले. फोटोच्या मागं निळी किनार होती, सोन्याच्या वेली होत्या, आणि लव्हाळ्यात एक पांढरं बदक मान मागं वळवून बघत होतं.

"एका रात्रीपुरतंच आणलं होतं गं," बाबा म्हणाले. "हिला बघायचं होतं."